गोव्याच्या किनाऱ्यावरील डेक बेड, शॅकचा परवाना आणि लोकांची वाट

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. उत्तर गोव्यातील एका गजबजलेल्या किनाऱ्यावर आपण कुटुंबासह वाळूत चटई अंथरून बसला होतात, तेव्हा समोरच्या शॅकमधील, म्हणजे वाळूवरच्या तात्पुरत्या उपाहारगृहातील, कामगाराने येऊन "ही जागा आमची आहे, बसायचे असेल तर बेड घ्या, नाहीतर काहीतरी मागवा" असे सांगून आपल्याला उठवले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात, जी वाट थेट समुद्रावर जाते असे स्थानिकांनी सांगितले होते, तिच्या तोंडाशी हॉटेलचे फाटक आणि सुरक्षारक्षक आढळला. हे कायदेशीर आहे का, आणि रत्नागिरीकडच्या आपल्या गावातही शॅक येण्याची चर्चा असल्यामुळे तिथे हेच घडणार का, असे आपण विचारले आहे. किनारपट्टीची प्रकरणे मी बरीच वर्षे चालवतो आहे, आणि त्यांत शॅकवाल्यांचीही वकीलपत्रे घेतली आहेत व ग्रामस्थांचीही, म्हणून दोन्ही बाजू मांडण्याचा प्रयत्न करतो.

पहिल्या प्रसंगाचे उत्तर सोपे आहे: त्या कामगाराला आपल्याला उठवण्याचा अधिकार नव्हता. त्याने मांडलेल्या पलंगावर, म्हणजे डेक बेडवर, आपण बसला असतात तर त्याने भाडे मागणे योग्यच होते, कारण पलंग, गादी आणि छत्री ही त्याच्या मालकाची मालमत्ता आहे. पण दोन पलंगांच्या मधल्या किंवा पुढच्या मोकळ्या वाळूवर त्याच्या मालकाचा कसलाही हक्क नाही. दुसऱ्या प्रसंगाचे उत्तर मात्र कागदपत्रे पाहिल्याशिवाय देता येत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. पलंगांवरून भांडणे रोज होतात आणि हंगाम संपला की मिटतात. वाट एकदा बंद झाली की ती बारा महिने बंद राहते, आणि काही वर्षांनी तिथे वाट होती हे सांगणारी माणसेही उरत नाहीत.

वाळू कोणाची, येथून सुरुवात करू. किनारी नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, अधिसूचना १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन वेळा निघाल्या, आणि तिन्हींचा पाया एकच आहे, तो म्हणजे भरतीरेषा. उधाणाच्या भरतीचे पाणी जमिनीवर जिथपर्यंत चढते ती ही रेषा. तिच्या खाली, ओहोटीच्या पाण्यापर्यंतचा पट्टा हा आंतरभरती पट्टा. तो कोणाच्याही सातबाऱ्यावर किंवा गोव्यातील एक-चौदाच्या उताऱ्यावर खासगी नावाने असण्याचे कारण नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० मध्ये भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य शासनाच्या मालकीचा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे, आणि गोव्याच्या भूमहसूल संहितेचेही तत्त्व तेच आहे. भरतीरेषेच्या वर मात्र चित्र बदलते. तिथे सरकारी जमीन असू शकते, कोमुनिदादची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची, असू शकते, आणि अनेक गावांत माडाच्या बागा थेट वाळूपर्यंत उतरत असल्यामुळे खासगी सर्व्हे क्रमांकही असतात. म्हणूनच गोव्यात शॅक दोन प्रकारचे दिसतात: पर्यटन खात्याने सरकारी किनाऱ्यावर सोडतीने दिलेले, आणि खासगी जमिनीत किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या परवानगीने उभारलेले. पर्यटकाला दोहोंतला फरक कळत नाही, आणि शॅकवालेही तो सांगण्याच्या भानगडीत पडत नाहीत. पण खासगी जमिनीतील शॅकच्या मालकालासुद्धा आपल्या हद्दीपुढच्या वाळूवर पलंग मांडायचे असतील तर वेगळी परवानगी लागते, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

सरकारी किनाऱ्यावरील शॅकवाल्याच्या हातात जो कागद असतो तो परवाना आहे, भाडेपट्टा नाही. दोहोंतील अंतर कायद्याच्या दृष्टीने फार मोठे आहे. भाडेपट्ट्याने जमिनीत हितसंबंध निर्माण होतो, ताबा मिळतो आणि तिऱ्हाइताला बाहेर ठेवण्याचा हक्क मिळतो. परवान्याने फक्त एवढेच होते की, एरवी जे करणे बेकायदा ठरले असते ते करण्याची मुभा मिळते, म्हणजे ठरावीक मापाचा तात्पुरता मांडव घालणे, ठरावीक संख्येने पलंग आणि छत्र्या मांडणे, खाद्यपदार्थ विकणे. गोव्याच्या २०२३ ते २०२६ या तीन हंगामांसाठीच्या धोरणात शॅक, डेक बेड आणि छत्र्या या सर्वांचा समावेश आहे, शॅकच्या जागा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने केलेल्या वहनक्षमतेच्या, म्हणजे किनारा किती भार पेलू शकतो याच्या, अभ्यासाशी जोडलेल्या आहेत, आणि बहुतेक जागा अनुभवी स्थानिक व्यावसायिकांसाठी ठेवलेल्या आहेत. यातील कोणत्याही अटीने परवानाधारकाला लोकांना उठवण्याचा अधिकार दिलेला नाही. किंबहुना २००१ च्या गोवा पर्यटनस्थळे संरक्षण व देखभाल कायद्याने किनाऱ्यावरील उपद्रवाला दंड ठेवलेला आहे आणि २०२५ च्या दुरुस्तीने या दंडाची कमाल मर्यादा १ लाख रुपयांपर्यंत नेली आहे. वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणे व पर्यटकांच्या मोकळ्या वावरात अडथळा आणणे यांकडे आता या कायद्याच्या नजरेने पाहता येते.

मग प्रत्यक्षात हे घडते कसे? आपण एखाद्या शॅकसमोर सकाळी सात वाजता उभे राहून पाहिलेत तर ते समजेल. रात्रभर एकावर एक रचून, साखळीने बांधून ठेवलेले पलंग कामगार एकेक करून खाली घेतो, रेग्झिनच्या गाद्यांवरचे दव पुसतो आणि शॅकच्या पायरीपासून पाण्याकडे दोन रांगा लावतो. ओहोटी लागलेली असेल तर पाणी मागे हटते तशी पुढची रांगही पुढे सरकते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिसरी रांग येते, कारण पलंगांची संख्या मोजायला त्या वेळी कोणीच आलेले नसते. गोव्यात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो; वाळूचा उतार सौम्य असला तर एवढ्या फरकाने पाण्याची कड चाळीस-पन्नास मीटर मागेपुढे होते. दुपारी भरती चढते. पलंग तिथेच राहतात, पाणी पहिल्या रांगेच्या पायांशी येते, आणि ज्यांनी पलंग घेतलेला नाही त्यांच्यासाठी शॅक आणि पाणी यांच्या मध्ये बसण्याजोगी कोरडी जागाच शिल्लक राहत नाही. आपल्याला उठवले तो प्रसंग दुपारचा आणि पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासचा असेल, असा माझा तर्क आहे. भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती फारशी चढत नाही, तेव्हा त्याच किनाऱ्यावर ही भांडणे कमी होतात.

याचा कायदेशीर परिणाम असा की, परवान्यातील नकाशा हा स्थिर असतो आणि किनारा स्थिर नसतो. पाहणीसाठी येणारा अधिकारी ओहोटीच्या वेळी आला तर त्याला भरपूर मोकळी जागा दिसते आणि पंचनाम्यात "सार्वजनिक वावरास अडथळा नाही" असे लिहिले जाते. ग्रामस्थांच्या वतीने काम करताना मी नेहमी आग्रह धरतो की, पाहणी उधाणाच्या भरतीच्या वेळी व्हावी, तारीख आणि वेळ पंचनाम्यात यावी, आणि मोजमाप पाण्याच्या कडेपासून न घेता भरतीरेषेच्या खुणेपासून किंवा एखाद्या कायमच्या बांधकामापासून घेतले जावे. ही मागणी क्षुल्लक वाटते, पण निम्मी प्रकरणे तिच्यावर फिरतात.

शॅकवाल्याची बाजूही ऐकली पाहिजे. त्याचा हंगाम पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंतचा. परवाने वेळेवर मिळाले नाहीत तर ऑक्टोबर हातचा जातो, आणि मेअखेरीस सगळा मांडव उतरवून न्यावा लागतो. परवाना शुल्क, सांडपाण्याची सोय, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, पंचायत, अबकारी खाते, अन्न परवाना, हे सगळे त्याला भरावे लागते, आणि शेजारी परवाना नसलेला कोणी शंभर पलंग टाकून बसला तरी त्याला विचारणारे कोणी नसते. शिवाय पलंगाचे भाडे हे बहुतेक शॅकचे मुख्य उत्पन्न नाही. गिऱ्हाईक जेवण आणि पेये मागवत असेल तर पलंग फुकट देण्याची चाल गोव्यात जुनी आहे, आणि लांब मुक्कामाला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांशी वर्षानुवर्षांचे संबंध त्यावरच टिकले. अरेरावी वाढली ती प्रामुख्याने पोटभाड्याच्या प्रकारामुळे, असे माझे मत आहे. परवाना स्थानिक माणसाच्या नावावर, प्रत्यक्षात धंदा मोठी रक्कम आगाऊ मोजून आलेल्या दुसऱ्याच माणसाचा, आणि ती रक्कम एका हंगामात वसूल करण्याची त्याला घाई. मग वाळूचा प्रत्येक हात त्याला तिजोरीसारखा वाटू लागतो. धोरणाने पोटभाडे निषिद्ध केले आहे आणि त्यासाठी परवाना रद्द होऊ शकतो. म्हणून तक्रार करताना, शॅकमध्ये मालक कोण आहे आणि परवान्यावर नाव कोणाचे आहे, एवढा एक मुद्दा जरूर घालावा. पलंग दोन मीटर पुढे होते या तक्रारीपेक्षा त्या मुद्द्याची दखल खात्यात लवकर घेतली जाते.

आता आपल्या कायद्यातील खरी उणीव सांगतो. तत्त्वात आपला कायदा भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरमध्ये बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या प्रकरणात, म्हणजे एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात, लोकविश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे सांगितले: हवा, समुद्र, पाणी आणि वने ही शासनाकडे लोकांच्या वतीने ठेव म्हणून असतात, आणि त्यांना खासगी मालमत्तेचे रूप देता येत नाही. पण किनाऱ्याचा किती भाग पलंगांविना मोकळा राहिलाच पाहिजे, हे सांगणारा आकडा आपल्याकडे केंद्रीय कायद्यात नाही. तो शॅक धोरणात आणि परवान्याच्या अटींत शोधावा लागतो, धोरण दर तीन वर्षांनी बदलते, आणि धोरण मोडले म्हणून सामान्य नागरिकाला थेट दाद मागणे हे कायदा मोडला म्हणून दाद मागण्याइतके सोपे नसते.

या बाबतीत ग्रीसचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात पारोस बेटावरील रहिवाशांनी, पलंगांनी व्यापलेल्या किनाऱ्यांवर आम्हाला पंचा अंथरायलाही जागा उरली नाही, म्हणून निदर्शने सुरू केली. 'पंचाची चळवळ' या नावाने ती इतर बेटांवर पसरली. सरकारला त्याची दखल घ्यावी लागली आणि २०२४ मध्ये नवा कायदा आला. त्यानुसार भाड्याने दिलेल्या किनाऱ्याचा निम्मा भाग, आणि संरक्षित निसर्गक्षेत्रात ७० टक्के भाग, पलंगांविना मोकळा ठेवावा लागतो, आणि पाण्याच्या कडेपासून ४ मीटरपर्यंत एकही पलंग किंवा छत्री ठेवता येत नाही. सरकारने एक मोबाइल ॲपही काढले, ज्यात कोणत्या किनाऱ्यावर किती जागा भाड्याने दिली आहे ते नागरिकाला दिसते आणि तिथूनच तक्रारही करता येते. इटलीत प्रश्न जुना आणि अधिक गुंतागुंतीचा आहे. तिथे किनाऱ्यांचे ठेके पिढ्यान्‌पिढ्या त्याच कुटुंबांकडे राहिले. युरोपीय न्यायालयाने २०१६ मध्ये अशा आपोआप मुदतवाढी युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवल्या, तरी मुदतवाढी थांबल्या नाहीत, आणि आता ठेक्यांची मुदत सप्टेंबर २०२७ पर्यंत पुढे गेली आहे. मात्र पाण्याच्या कडेने कोणालाही विनाशुल्क चालत जाऊ दिले पाहिजे, आणि तिथपर्यंत पोहोचण्यासाठी ठेकेदाराने वाट दिली पाहिजे, हे इटलीच्या कायद्यातही स्पष्ट आहे. या दोन देशांचे कायदे आपल्याकडे जसेच्या तसे आणावेत असे मी म्हणणार नाही, कारण आपल्या किनाऱ्यावर आंघोळीला येणाऱ्यांच्या आधीपासून कोळी आहेत आणि त्यांचा हक्क पर्यटकाच्या हक्काच्या वरचा आहे. पण "निम्मा" आणि "४ मीटर" हे दोन शब्द आपल्या धोरणात असते तर माझी कितीतरी प्रकरणे न्यायालयापर्यंत आलीच नसती.

कोळ्यांचा उल्लेख केला तो औपचारिकतेसाठी नव्हे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढायला किनाऱ्याचा लांब मोकळा पट्टा लागतो: जाळ्याची दोन टोके वाळूवर एकमेकांपासून बरीच दूर असतात, दोन्हीकडे माणसांची रांग दोर ओढत मागे सरकते, आणि मागे सरकायला जागा नसेल तर रापण होत नाही. गोव्यातील रापणकारांनी १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध जो लढा दिला तो समुद्रातील जागेसाठी होता. आज त्याच समाजाला वाळूवरील जागेसाठी पलंगांच्या रांगांशी वाद घालावा लागतो. २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी जी विशेष तरतूद आहे, तिच्यात सप्टेंबर ते मे या काळात परंपरेने उभारल्या जाणाऱ्या तात्पुरत्या बांधकामांना परवानगी आहे. पण त्याच तरतुदीत वाळूच्या टेकड्यांवर कोणतेही काम होऊ नये असे म्हटले आहे, आणि मांद्रे, मोरजी, गालजीबाग व आगोंद हे किनारे कासवांच्या विणीच्या जागा म्हणून नमूद आहेत. या चार किनाऱ्यांवर पलंगांचा वाद हा फक्त माणसांच्या जागेचा राहत नाही. रात्री वाळूत सोडून दिलेले पलंग अंडी घालायला वर येणाऱ्या मादीच्या वाटेत येतात, आणि शॅकचे दिवे पिल्लांची दिशा चुकवतात. तिथे तक्रार पर्यटन खात्याबरोबर वन खात्याकडेही करावी, आणि माझ्या अनुभवात वन खाते जास्त तत्परतेने हलते.

दुसऱ्या प्रसंगाकडे, म्हणजे हॉटेलच्या फाटकाकडे वळतो. या विषयावरील सर्वांत महत्त्वाचा निकाल गोव्यातीलच आहे. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावरील सिदाद द गोवा या हॉटेलच्या मालक कंपनीविरुद्ध स्थानिकांनी केलेल्या या प्रकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २००९ रोजी फोमेंतो रिसॉर्ट्स विरुद्ध मिंगेल मार्टिन्स या नावाने दिला. हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून दिली होती, आणि १९८३ मध्ये सरकार व कंपनी यांच्यात झालेल्या करारात किनाऱ्याकडे जाणारी वाट लोकांसाठी खुली ठेवण्याची अट होती. वादाचे मूळ असे की, ज्या जमिनीतून लोक समुद्रावर जात होते तिथे हॉटेलचे विस्तारित बांधकाम उभे राहिले. पणजी येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २००० मध्ये ते बांधकाम हटवून वाट खुली करण्याचा आदेश दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने लोकविश्वस्ततेच्या तत्त्वाचा आधार घेऊन तो कायम केला.

या निकालाचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. निकालानंतर काही महिन्यांतच गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, जिच्यामुळे ते बांधकाम वाचले, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. म्हणून वायंगिणीचा निकाल तत्त्वासाठी जरूर वापरावा, मी स्वतः तो प्रत्येक अर्जात उद्धृत करतो, पण न्यायालयात जिंकले म्हणजे वाट मिळालीच असे गृहीत धरू नये. विधिमंडळ काय करते यावरही लक्ष ठेवावे लागते.

तत्त्वापेक्षा अधिक उपयोगी पडते ती सीआरझेड अधिसूचनेच्या परिशिष्टातील एक साधी अट. किनाऱ्यावरील हॉटेल किंवा रिसॉर्टला परवानगी देताना, कोणत्याही दोन हॉटेलांच्या मध्ये किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा सोडली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. खासगी जागेभोवती कुंपण घालायला मुभा आहे, परंतु त्या कुंपणाने लोकांच्या किनाऱ्यावर जाण्यात कोणताही अडथळा येता कामा नये, हेही तिथेच लिहिलेले आहे. आपण ज्या फाटकापाशी थांबलात तिथे ही अट पाळली गेली आहे का, हे पाहणे ही पहिली पायरी आहे. बऱ्याच वेळा असे आढळते की मंजूर आराखड्यात वाट दाखवलेली आहे, मोजमापासह. प्रत्यक्षात मात्र तिच्यावर हिरवळ लावलेली असते, किंवा ती हॉटेलच्या वाहनतळातून काढलेली असते आणि रक्षक "पाहुणे आहात का" असे विचारून लोकांना परत पाठवतो.

म्हणून माझा सल्ला असा की, रक्षकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नये. फाटकाचे छायाचित्र तारीख-वेळेसह घ्यावे, आणि माहितीच्या अधिकाराखाली नगर नियोजन खात्याकडे मंजूर आराखडा व किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे मंजुरीचे पत्र अटींसह मागावे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. सर्व्हे नकाशावर वाट ठिपक्यांच्या रेषेने दाखवलेली आहे का ते पाहावे. गावातील वयस्कर माणसांची, विशेषतः मासळी डोक्यावर घेऊन त्या वाटेने ये-जा केलेल्या बायांची, प्रतिज्ञापत्रे करून ठेवावीत. अशा प्रतिज्ञापत्रात "आम्ही पूर्वापार जात होतो" या एका वाक्याने काम भागत नाही. वाट कोणत्या विहिरीपाशी वळत होती, कुठे कुंपणाला फट होती, कोणत्या सणाला गाव त्या वाटेने समुद्रावर जात असे, असा तपशील असेल तरच उलटतपासणीत ते टिकते.

दाद कुठे मागायची, हे प्रकरणाच्या स्वरूपावर ठरते. लोक कायदेशीरपणे वापरत असलेल्या वाटेवरील किंवा सार्वजनिक जागेवरील अडथळा दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. पूर्वीचे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ झाले आहे. हा मार्ग स्वस्त आणि जलद आहे, पण समोरच्याने "ही सार्वजनिक वाटच नाही" असे म्हणून विश्वासार्ह पुरावा दिला तर दंडाधिकारी कार्यवाही थांबवून पक्षांना दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो. सीआरझेडच्या अटी मोडल्या असतील तर आधी किनारी प्राधिकरणाकडे लेखी तक्रार द्यावी, आणि तिथे काही झाले नाही तर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे जावे. लवादाकडे मूळ अर्जाला वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, आणि पुरेसे कारण दाखवले तर आणखी साठ दिवस मिळतात. तक्रारींना उत्तर येईल म्हणून वाट पाहत राहिलेले अनेक अर्जदार या मुदतीत अडकतात. पोलिसांत जायचे तर पलंगाच्या वादापेक्षा वाट अडवल्याच्या प्रसंगाला अधिक अर्थ आहे, कारण ज्या दिशेने जाण्याचा हक्क आहे त्या दिशेने माणसाला जाऊ न देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ प्रमाणे गुन्हा आहे. शॅकच्या कामगाराशी झालेल्या बाचाबाचीसाठी मी कोणाला पोलीस ठाण्यात जायला सांगत नाही. त्याऐवजी परवाना क्रमांक, पलंगांची मोजलेली संख्या आणि छायाचित्रे पर्यटन खात्याला पाठवावीत; जादा पलंग जप्त होण्याची कारवाई कळंगुट-बागा भागात अनेकदा झालेली आहे.

आपल्या गावाविषयी. महाराष्ट्राने २०२० मध्ये शॅकचे धोरण मंजूर केले आणि सुरुवातीला आठ किनारे निवडले: पालघर जिल्ह्यातील केळवे व बोर्डी, रायगडमधील वरसोली व दिवेआगर, रत्नागिरीतील गुहागर व आरे-वारे, आणि सिंधुदुर्गातील कुणकेश्वर व तारकर्ली. एका किनाऱ्यावर जास्तीत जास्त दहा शॅक आणि ८० टक्के परवाने स्थानिकांना, अशी त्याची रचना होती. दहा हा आकडा छोटा वाटतो, परंतु आरे-वारेसारख्या लांब किनाऱ्यावर दहा शॅक आणि एखाद्या अरुंद पुळणीवर दहा शॅक यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे अशा तात्पुरत्या सोयी भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतरावर असाव्या लागतात, आणि ती अधिसूचना आपल्या जिल्ह्याला लागू होण्यासाठी जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा तिच्यानुसार मंजूर झालेला असावा लागतो.

हा आराखडा मंजुरीआधी लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो, आणि गावाचे काम खरे म्हणजे तिथे असते. आराखड्यावर होड्या ओढून ठेवण्याची जागा, मासळी वाळत घालण्याची जागा, रापणीचा पट्टा आणि समुद्रावर जाणारी प्रत्येक पायवाट दाखवलेली आहे का, हे ग्रामसभेने नकाशा जमिनीवर पसरून पाहावे. जी दाखवलेली नसेल तिच्यासाठी सर्व्हे क्रमांकासह लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. शॅकच्या जागा आखल्या जातील तेव्हा शॅकपुढचे पलंग किती, ते भरतीरेषेपासून कुठपर्यंत आणि रात्री कुठे ठेवायचे, हे परवान्याच्या अटींत आकड्यांनी लिहून घेण्याचा ठराव ग्रामसभेने आधीच करावा. परवाने वाटून झाल्यावर अशी अट घालायला कोणताही अधिकारी तयार होत नाही.